परदेशात इंग्लिश शिकवायला व्हॉलंटिअर म्हणून जायचंय? तेच तेच विचारले जाणारे प्रश्न

मी एक वर्ष अशीच जाऊन आले. देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण शाळा छोटी होती आणि लगेच ओळखू येईल. आल्यापासून लोक मेसेज करून साधारण हेच विचारतात, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून टाकते, थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

मला शिकवण्याचा काहीच अनुभव नाही. जमेल का?

जमेल, पण लगेच नाही. "मला इंग्लिश येतं" आणि "मला इंग्लिश शिकवता येतं" यात किती अंतर आहे ते पहिल्या तासाला कळतं. कोणीतरी विचारतं की आय हॅव गॉन आणि आय वेंट यात फरक काय, आणि तुम्ही फळ्यासमोर खडू धरून उभे, कारण तुम्हाला नुसतं कानाला बरोबर वाटतं, का बरोबर ते कधी विचारच केलेला नसतो. तर जायच्या आधी निदान दहाबारा तास कुणालातरी शिकवून बघा. भाचा असो, शेजारची आजी असो, चालेल. आणि त्यातला एक तास मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. मी ऐकला तेव्हा कळलं की चाळीस मिनिटांत पस्तीस मिनिटं मीच बोलत होते. लाज वाटली पण फार उपयोग झाला.

मी नेटिव्ह स्पीकर नाही. कोण घेईल मला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर. पगाराच्या नोकऱ्यांमध्ये ही अडचण खरी आहे. उदाहरणार्थ दक्षिण कोरियाचा इंग्लिश टीचरचा ई-२ व्हिसा मुख्यतः ७ देशांच्या नागरिकांसाठी आहे, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. व्हॉलंटिअरिंगमध्ये एवढं कडक नसतं, पण काही संस्था जाहिरातीत सरळ "नेटिव्ह" लिहितात, तिथे डोकं आपटू नका, पुढे चला.

पण वर्गात मात्र आपण मागे नसतो हो. आपण स्वतः इंग्लिश शिकलोय, पाठ केलंय, चुकलोय. मराठीत अ, ॲन, द ला जोड नाही, त्यामुळे ते कुठे लावायचं हे आपल्याला घाम गाळून कळलंय, आणि रशियन किंवा जपानी बोलणाऱ्या मुलालाही तोच घाम फुटतो कारण त्यांच्याकडेही ती भानगड नाही. जन्मापासून इंग्लिश बोलणाऱ्याला हा प्रश्न का पडतो तेच कळत नाही.

आता आपल्या उणिवा पण बघा. आपल्याला "व" एकच, त्यामुळे व्हेट म्हणजे जनावरांचा डॉक्टर आणि वेट म्हणजे ओलं हे दोन्ही आपल्या तोंडून सारखंच येतं. इंग्लिशमध्ये पहिल्याला वरचे दात खालच्या ओठाला लागतात, दुसऱ्याला दोन्ही ओठ गोल होतात, दात लागतच नाहीत. तसंच पिन म्हणताना इंग्लिश माणूस सुरुवातीच्या प मधून हवेचा झोत सोडतो, आपण सोडत नाही, म्हणून त्याला कधीकधी बिन ऐकू येतं. तोंडासमोर कागदाचा चिटोरा धरा, तो हलला पाहिजे. हे आरशासमोर आठवडाभर करा. ॲक्सेंट बदलायची गरज नाही, खोटा ॲक्सेंट तर अजिबात नको, शब्द वेगळे ऐकू आले की झालं.

टेफल, टेसल, सेल्टा... नक्की काय घ्यायचं?

टेफल आणि टेसल ही इंग्लिश शिकवायला शिकवणाऱ्या कोर्सच्या प्रकारांची नावं आहेत, एका ठराविक कोर्सची नाहीत. जगभरातल्या टेफल सर्टिफिकेटला मान्यता देणारी एकच अशी संस्था नाही, त्यामुळे १२० तासांचं ऑनलाइन सर्टिफिकेट खूप चांगलं पण असू शकतं आणि अगदी पाट्या टाकलेलं पण असू शकतं. सेल्टा हा केंब्रिजचा कोर्स आहे, त्यात किमान १२० तास आणि त्यातले ६ तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायचं, मागे बसून कोणीतरी तुम्हाला बघतं आणि नंतर सोलून काढतं. ट्रिनिटी कॉलेज लंडनचा सर्ट-टेसॉल साधारण त्याच तोलाचा.

माझं मत, सहा महिन्यांपेक्षा कमी जाणार असाल तर सेल्टाचा खर्च करू नका. कुठलाही कोर्स घेताना एकच गोष्ट विचारा, यात मला खऱ्या माणसांसमोर शिकवायला मिळणार का? नाही म्हणाले तर तो वाचनाचा कोर्स आहे असं समजा.

व्हॉलंटिअर म्हणजे फुकट काम, मग माझ्याकडूनच पैसे का मागतात?

इथे तीन प्रकार आहेत आणि लोक तिन्ही एकत्र करून गोंधळ घालतात.

एक, ज्या संस्था तुम्हाला राहायला जागा आणि महिन्याचा खर्च देतात पण निवडून घेतात. संयुक्त राष्ट्रांचा यूएन व्हॉलंटिअर्स कार्यक्रम यातला, १९७० मध्ये ठराव होऊन सुरू झालेला, मुख्यालय जर्मनीत बॉन शहरात. ते अर्जासाठी किंवा नेमणुकीसाठी कुठलीही फी घेत नाहीत, त्यांच्या नावाने कोणी पैसे मागितले तर तो फ्रॉड आहे. ब्रिटनची व्हीएसओ १९५८ मध्ये सुरू झाली तेव्हा शाळा संपवलेल्या कोवळ्या पोरांना पाठवत होती, आता त्यांना अनुभवी लोक लागतात, आणि हा बदल का झाला असेल याचा विचार करा जरा. अमेरिकेची पीस कोअर १९६१ ची, २७ महिन्यांची, पण अमेरिकन नागरिकांनाच, त्यामुळे ते नाव ऐकून अर्ज शोधत बसू नका.

दोन, जिथे तुम्ही रोज चारपाच तास काम करता आणि ते राहायला-जेवायला देतात. वर्कअवेसारख्या साइटवर हे मिळतं. चांगलं असतं, पण तिथे मध्ये कोणी नसतं, यजमान कसा निघेल ते तुमचं नशीब, रिव्ह्यू नीट वाचा आणि नुसते गोड गोड रिव्ह्यू असतील तर आधीच्या दोघातिघांना थेट मेसेज करा.

तीन, पॅकेज. पैसे भरा, विमानतळावर घ्यायला येतात, टीशर्ट देतात, सकाळी शाळा आणि वीकेंडला सफारी. सगळेच वाईट नसतात, राहण्याचा, ओळख करून देण्याचा, कोणीतरी फोन उचलायला असण्याचा खर्च असतोच. पण विचारा की यातले शाळेला किती जातात. लेखी विचारा. माझ्या आधी एका मुलीने विचारलं होतं तर तिला उत्तर म्हणून मुलांचे फोटो आले. आकडा नाही आला.

जपानचा जेट प्रोग्रॅम वगैरे यात टाकू नका. १९८७ पासून चालू आहे, असिस्टंट टीचर म्हणून घेतात, पण ती पगाराची नोकरी आहे.

टुरिस्ट व्हिसावर गेलं तर? पगार तर घेत नाहीये.

नको. बऱ्याच देशांत काम म्हणजे काम, पैसे मिळोत न मिळोत. थायलंडमध्ये व्हॉलंटिअरलासुद्धा वर्क परमिट लागतं. ब्रिटनमध्ये व्हिजिटर म्हणून आलेल्याला नोंदणीकृत चॅरिटीसाठी जास्तीत जास्त ३० दिवस व्हॉलंटिअरिंग करता येतं, त्यापुढे वेगळा व्हिसा. म्हणजे प्रत्येक देशाचं वेगळं आहे, त्या देशाच्या वकिलातीच्या साइटवर वाचा आणि प्रिंट काढा. संस्थेने "विचारलं तर फिरायला आलोय सांगा" असं म्हटलं की तिथेच विषय संपवा, कारण पकडले गेलात तर पासपोर्टवर शिक्का तुमच्या बसतो, त्यांच्या नाही.

अनाथाश्रमात शिकवायला मिळतंय, तिथे जाऊ का?

नाही. मला माहितीय हे कठोर वाटतं, कारण हा प्रश्न विचारणारी माणसं नेहमी सगळ्यात कळवळ्याची असतात.

कंबोडिया, नेपाळसारख्या ठिकाणी वारंवार दिसून आलंय की अशा संस्थांमधल्या बहुतेक मुलांचे आईवडील, निदान दोघांपैकी एक, जिवंत असतात. परदेशी पाहुणे येतात, पैसे देतात, म्हणून मुलं लागतात, मग खेड्यात जाऊन "शिक्षण देतो" सांगून मुलं आणली जातात. म्हणजे तुमच्या येण्यामुळेच ते पोर घरापासून लांब आहे. कंबोडियात २०११ मध्ये फ्रेंड्स-इंटरनॅशनलच्या चाइल्डसेफने "मुलं म्हणजे टुरिस्टांची प्रेक्षणीय स्थळं नव्हेत" अशी मोहीमच काढली होती. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये मॉडर्न स्लेव्हरीचा कायदा करताना अशा प्रकारे मुलं आणण्याला गुलामगिरीच्या चर्चेत आणलं. आणि सगळं खरंखुरं असलं तरी, दर तीन आठवड्यांनी एक नवीन ताई येते, जीव लावते आणि निघून जाते, हे त्या मुलाला काय शिकवत असेल?

शाळा, लायब्ररी, मोठ्यांचे संध्याकाळचे वर्ग, टीचर लोकांचं ट्रेनिंग, एवढे पर्याय आहेत. मुलं संध्याकाळी आपापल्या घरी जातात अशी जागा शोधा. आणि जिथे तुमचा पोलीस क्लिअरन्स कोणी मागत नाही तिथे ते कुणाचाच मागत नाहीत, हेही लक्षात घ्या.

किती दिवस जावं?

पूर्ण एक टर्म. दोन आठवड्यांत तुम्हाला मुलांची नावं पण येत नाहीत. दोनच आठवडे मिळत असतील तर मुलांना शिकवू नका, तिथल्या टीचरसोबत बसून बोलण्याचा सराव करा, त्याला दोन आठवडे पुरतात आणि त्याचा उपयोग तुम्ही गेल्यावर पण राहतो.

तिथली भाषा यायला हवी का?

थोडी तरी. नमस्कार, धन्यवाद, हळू बोला, पुन्हा सांगा, शाब्बास, आणि आकडे. शंभर शब्द करा. एक फायदा असा की तुम्ही त्यांची भाषा वेडीवाकडी बोलता तेव्हा मुलं हसतात आणि मग त्यांना पण चुकायला लाज वाटत नाही.

शिवाय मुलं जी चूक करतात ती कुठून येते ते कळतं. स्पॅनिशवाला स्कूलला एस्कूल म्हणतो कारण त्यांच्या भाषेत स नंतर लगेच क असा शब्द सुरूच होत नाही. अरबी बोलणाऱ्याचं पार्क बार्क होतं कारण त्यांच्या प्रमाण भाषेत प नाही. हे माहीत असलं की तुम्ही ओरडत नाही.

पहिल्या दिवशी काय करू? खूप टेन्शन आलंय.

पहिल्या दिवशी शिकवू नका. मागच्या बाकावर बसा आणि तिथले टीचर कसे शिकवतात ते बघा. एक दिवस नाही, आठवडाभर बघा.

मी हे केलं नाही. मी थेट वर्गात घुसले. चौपन्न मुलं, भिंतीवरच काळा रंग मारून केलेला फळा, एका कोपऱ्यात त्याचे पोपडे निघालेले. मी मोठ्या उत्साहाने अंगाचे अवयव घेतले. नाक, कान, डोळे, सगळं ॲक्शनसकट. मुलं इतकी छान रिस्पॉन्स देत होती की मी हवेत. मग तास संपल्यावर एका मुलीची वही तपासायला घेतली. पान उलटलं तर नाक, कान, डोळे. अजून मागे, परत नाक, कान, डोळे. चार वेळा, चार वेगवेगळ्या तारखा, आणि प्रत्येक वेळी खाली वेगळ्या अक्षरात व्हेरी गुड आणि स्टार. माझ्या आधी चार व्हॉलंटिअर येऊन तेच शिकवून गेले होते. मुलांना सगळं येत होतं, पण पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून ती दर वेळी नव्याने शिकत होती!

त्या वर्गाच्या मूळ टीचर मागे बसून पेपर तपासत होत्या. त्यांनी मान वर करून बघितलं आणि परत पेपरात घातली, काही बोलल्या नाहीत. मी पण त्यांना काही विचारलं नव्हतं ना.

मग काय शिकवायचं ते कसं ठरवायचं?

त्यांचं पुस्तक आणि त्यांचा परीक्षेचा पेपर मागून घ्या. मुलांना शेवटी तो पेपर द्यायचाय, तुमच्या गेम्सवर मार्क नाहीत. लेव्हल बघायची असेल तर सीईएफआर म्हणून काउन्सिल ऑफ युरोपची मोजपट्टी आहे, २००१ पासूनची, ए१ (सगळ्यात खालची) ते सी२ अशा सहा पायऱ्या, प्रत्येक पायरीवर माणसाला काय करता येतं ते साध्या वाक्यात दिलेलं असतं. त्याने मुलांना पट्टी लावू नका, स्वतःचा अंदाज घ्यायला वापरा. आठवीतली मुलं म्हणजे ए२ असतील असं धरून गेले होते, निम्मी ए१ पण नव्हती.

मोठा वर्ग, पुस्तकं अपुरी, प्रोजेक्टर सोडाच, लाइट पण जाते. काय करता येतं?

खूप काही. जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची टीपीआर म्हणून पद्धत आहे, १९६० च्या दशकातली, तुम्ही आज्ञा द्यायची आणि मुलांनी अंगाने करून दाखवायची, बोलायचं नंतर. उभे राहा, दाराला हात लावा, मित्राची पेन्सिल घेऊन खिडकीत ठेवा. सामान शून्य. लाजाळू मुलांना फार बरं पडतं कारण तोंड उघडायचं नसतं.

दुसरं, जोड्या करा. चौपन्न मुलं एकेक करून बोलली तर प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटभर पण येत नाही, जोडीत बोलली तर निम्मा वर्ग एका वेळी बोलतो. आवाज होतो, शेजारच्या वर्गातून कोणीतरी बघायला येतं, आधी सांगून ठेवा.

आणि फळा. अक्षर मोठं काढा, मागच्या बाकावरून स्वतः जाऊन वाचून बघा. एवढी साधी गोष्ट, पण कोणी करत नाही.

मुलं बोलतच नाहीत. "अंडरस्टँड?" विचारलं की सगळे "येस टीचर".

तो प्रश्नच काढून टाका. जगातल्या कुठल्याही वर्गात त्याचं उत्तर येसच येतं. त्याऐवजी असं विचारा की उत्तरातून कळेल. यस्टरडे आय वॉज सिक शिकवलं तर विचारा, मी आज आजारी आहे का?

आणि थांबा. मेरी बड रो म्हणून एक संशोधक होत्या, १९७० च्या दशकात त्यांनी दाखवलं की टीचर प्रश्न विचारून सरासरी एक सेकंद पण धड थांबत नाहीत, आणि तीन सेकंद थांबलं तर मुलं जास्त आणि लांब उत्तरं देतात. तीन सेकंद वर्गात फार मोठे वाटतात हो. मी मनात एक हजार एक, एक हजार दोन असं मोजायचे.

ग्रामर की स्पीकिंग?

दोन्ही. पुढचा प्रश्न.

तिथल्या टीचरना आपण नकोसे असतो का?

कधीकधी हो, आणि त्यांचं चूक नसतं. त्यांच्या वर्गात कोणीतरी येतं, कमी शिकलेलं, कमी अनुभवाचं, आणि मुलं त्याच्याच मागे पळतात, हेडमास्तर त्याचंच कौतुक करतात. वर तो माणूस तीन महिन्यांनी जातो आणि राहिलेला सिलॅबस ह्यांच्या डोक्यावर.

वहीच्या त्या प्रकारानंतर मी त्या टीचरकडे जाऊन सरळ सांगितलं की मला काय करायचं ते तुम्हीच सांगा. त्या म्हणाल्या, मला व्याकरण येतं, मला बोलायची भीती वाटते, मुलांसमोर चुकले तर? मग आम्ही रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास फक्त बोलायचो, उद्याचा धडा त्या मला इंग्लिशमध्ये शिकवायच्या आणि मी मठ्ठ विद्यार्थी व्हायचे. ते मला छान जमायचं. सकाळी वर्ग त्या घ्यायच्या, मी जोड्यांमध्ये फिरून मदत करायचे. माझे इन्स्टावर टाकण्यासारखे फोटो त्यामुळे जवळजवळ नाहीतच.

फोटो टाकले तर चालतात का?

मुलांचे चेहरे नको. शाळेने हो म्हटलं म्हणजे आईवडिलांनी हो म्हटलं असं होत नाही. स्वतःच्या मुलाचा फोटो अनोळखी पाहुण्याने "किती गरीब पण किती आनंदी" लिहून टाकला तर कसं वाटेल, तेवढं बघा.

लसी, इन्शुरन्स, कागदपत्रं?

जायच्या सहा ते आठ आठवडे आधी ट्रॅव्हल क्लिनिकच्या डॉक्टरकडे जा. काही देश यलो फीव्हरच्या लसीचं सर्टिफिकेट बघितल्याशिवाय आत घेत नाहीत, लस घेतल्यावर ते दहा दिवसांनी लागू होतं, आणि जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, म्हणजे जुन्या कार्डावर दहा वर्षं लिहिलं असलं तरी. गावात राहणार असाल तर रेबीजचं आधीच विचारा, कुत्रा चावल्यावर दवाखाना लांब असू शकतो. इन्शुरन्समध्ये "व्हॉलंटिअर वर्क" कव्हर आहे का ते वाचा, साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत बऱ्याचदा नसतं.

पासपोर्ट निघताना नाही, पोचताना निदान सहा महिने शिल्लक हवा. डिग्री आणि पोलीस क्लिअरन्सला अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का, लागू शकतं, त्याला वेळ लागतो, ते शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका, मी ठेवलं होतं आणि तिकीट बदलावं लागलं.

एकट्या मुलीने जावं का?

मी गेले. राहायची जागा आधी व्हिडिओ कॉलवर बघितली, दाराला आतून कडी आहे का ते विचारलं, आणि परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवले होते ज्यांना हात लावायचा नाही. नको वाटलं तर दुसऱ्या दिवशी निघता आलं पाहिजे, संस्थेला वाईट वाटेल म्हणून थांबायचं नाही.

जाणं जमणार नसेल तर घरबसल्या करता येतं का?

येतं. यूएन व्हॉलंटिअर्सचा ऑनलाइन विभाग आहे, बऱ्याच छोट्या संस्था पण टीचर लोकांना बोलण्याच्या सरावासाठी कोणीतरी शोधत असतात. आठवड्याला एक तास पण दर आठवड्याला. दोन महिन्यांनी कंटाळून गायब होणार असाल तर आधीच दोन महिने सांगा.

निघताना मागे काय ठेवायचं?

जुने कपडे नको, अर्धवट वापरलेले स्केचपेन नको. एक वही ठेवा. कुठल्या वर्गात कुठल्या तारखेला काय घेतलं, काय फसलं, कुठल्या मुलाला चष्मा लागलाय पण कोणाच्या लक्षात आलेला नाही. माझ्या वहीचं पहिलं पान त्या टीचरनी आणि मी मिळून लिहिलं, पुढे येणाऱ्या व्हॉलंटिअरसाठी, लाल पेनने, मोठ्या अक्षरात: नाक, कान, डोळे झालेत. पाच वेळा. आधी मॅडमना भेटा.